दोन लाखांचा लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?

यंत्रमाग, एम्ब्रॉयडरी, छपाई आणि तयार कपड्यांच्या धंद्यात असलेल्या आमच्या बांधवांपुढे अलीकडे एक नवा खर्च उभा राहिला आहे. घरातला मुलगा किंवा पुतण्या डिझाइनचे काम शिकून येतो आणि म्हणतो, साध्या लॅपटॉपवर हे काम होत नाही, 'मोबाइल वर्कस्टेशन' घ्यावे लागेल. किंमत विचारावी तर दीड-दोन लाख. घरातल्या बुजुर्गांना वाटते, एवढ्या रकमेचे सूत घेऊन ठेवले तर चार पैसे सुटतील. मुलाला वाटते, बुजुर्गांना काळ कळत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मात्र दोघांपैकी कोणीच मांडलेला नसतो. तो हिशेब कसा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

वर्कस्टेशन म्हणजे दिवसभर जड काम सोसण्यासाठी बांधलेला कॉम्प्युटर, आणि तोच लॅपटॉपच्या आकारात असला की मोबाइल वर्कस्टेशन. बाजारात तीन नावे जास्त ऐकू येतात : डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेडबुक आणि लेनोवोचे थिंकपॅड पी. डेलने २०२५ साली प्रिसिजन हे नाव बदलून 'डेल प्रो मॅक्स' असे नवे नाव दिले; तेव्हा दुकानदार दोन नावे सांगू लागला तर गोंधळून जाऊ नये.

साध्या लॅपटॉपहून यात वेगळे काय? चार गोष्टी. मेमरी पुष्कळ घालता येते. ग्राफिक्सचे कार्ड धंद्याच्या कामासाठी बनवलेले असते आणि ठराविक सॉफ्टवेअर कंपन्यांनी ते तपासून प्रमाणित केलेले असते. यंत्र थंड राखण्याची सोय जास्त असते. आणि वॉरंटी बहुधा जास्त वर्षांची असून कारागीर आपल्या जागेवर येऊन दुरुस्ती करतो. काही मॉडेलांत चूक आपोआप दुरुस्त करणारी 'ईसीसी' मेमरीही मिळते. पूल आणि इमारतींचे हिशेब करणाऱ्या इंजिनिअरला तिचे मोल आहे. आमच्या कापडाच्या कामात तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आधी काम लिहून काढा

कापड घेताना आपण नुसते नाव ऐकून ताका उचलत नाही. काउंट विचारतो, रीड-पिक मोजतो, पन्हा पाहतो, कापड कशासाठी लागणार ते ठरवतो. अस्तराच्या कामाला कोणी साठ काउंटचे कापड लावत नाही. हाच कायदा कॉम्प्युटरला लावावा. यंत्रावर रोज कोणते काम होणार, ते प्रथम कागदावर लिहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

पहिले काम हिशेबाचे : बिले, जीएसटी, ई-वे बिल, टॅली. याला कोणताही साधा लॅपटॉप पुरतो. येथे वर्कस्टेशन घेणे म्हणजे सायकलच्या कामाला ट्रक लावणे होय.

दुसरे काम एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगचे. येथे पुष्कळांचा गैरसमज आहे. मशिनला जी डीएसटी फाइल जाते, तिच्यात प्रत्येक टाक्याची नोंद अवघ्या तीन बाइटची असते. म्हणजे पन्नास हजार टाक्यांची भरगच्च डिझाइनसुद्धा दीडशे केबीच्या आसपास बसते. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून कितीतरी मोठा असतो. पंचिंगवाल्याला चांगला प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि डोळ्यांना त्रास न देणारा मोठा पडदा एवढे पुरते. वर्कस्टेशनची त्याला गरज नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

तिसरे काम जेकार्डचे. जोसेफ-मारी जेकार्डने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवून दाखवला. आजचे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड तीच भोके फाइलमध्ये वाचते. २,६८८ हुकांचे जेकार्ड घेतले तर एका पिकासाठी २,६८८ 'वर की खाली' एवढीच माहिती लागते. पाच हजार पिकांची नक्षी दोन एमबीच्या आत मावते. म्हणजे येथेही अक्कल डिझाइनरची लागते, ताकद यंत्राची फारशी लागत नाही.

चौथे काम मात्र वेगळे आहे : डिजिटल छपाईचे. साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर पन्ह्याची साडी इंचाला ३०० ठिपके या मापाने पूर्ण मांडली, तर सुमारे ८८ कोटी ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एकाच थराला साडेतीन जीबी मेमरी लागते. जमीन, बुट्टी, किनार, पदर असे पाच थर ठेवले की साडेसतरा जीबी झाले. १६ जीबीचा लॅपटॉप येथे दम तोडतो. तो बंद पडत नाही, पण प्रत्येक बदलाला डिझाइनर चहा पिऊन येतो. हुशार कारागीर पूर्ण साडी न मांडता फक्त रिपीट मांडतो, किंवा १५० ठिपक्यांवर काम करतो. तेव्हा हाच बोजा चौथ्या हिश्श्यावर येतो. परंतु मोठी प्लेसमेंट डिझाइन, ज्यात रिपीट नाही, तिला हा बोजा टाळता येत नाही.

पाचवे काम तयार कपड्यांचे त्रिमिती नमुने. कपडा न शिवता पडद्यावर बाहुलीला घालून गिऱ्हाइकाला दाखवण्याची रीत आता निर्यातदारांत रुळली आहे. क्लो यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये कापडाची चुणी आणि झोळ ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर जलद उमटतात. हे काम रोजचे असेल तर वर्कस्टेशनचा विचार जरूर करावा.

तात्पर्य, पाच कामांपैकी तिघांना हे यंत्र लागत नाही आणि दोघांना लागते. आपण कोठे बसतो ते प्रत्येकाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे ठरवावे.

नावाच्या फसव्या सारखेपणापासून सावध

आमच्या बाजारात 'केम्ब्रिक' म्हटले की दहा मालांचे दहा भाव असतात. ग्राफिक्स कार्डांचे तसेच आहे. एनव्हिडियाच्या धंदेवाईक कार्डांत 'चार हजार' हा आकडा पाहा. क्वाड्रो आरटीएक्स ४०००, आरटीएक्स ए४०००, आरटीएक्स ४००० अडा आणि आरटीएक्स प्रो ४००० ब्लॅकवेल अशा चार पिढ्या या एकाच आकड्याखाली होऊन गेल्या. शिवाय खेळांसाठीच्या जीफोर्स कार्डांचीही चार हजारांची मालिका आहे, ती निराळीच. दुकानदार 'चार हजारवाले कार्ड आहे' म्हणाला तर पूर्ण नाव बिलावर लिहून मागावे. 'क्वाड्रो' हे नाव कंपनीने २०२० पासून सोडून दिले. तेव्हा हे नाव दिसले की यंत्र जुन्या पिढीचे आहे असे समजावे.

दुसरी खोच वॉटची आहे. एकच कार्ड पातळ लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालवतात आणि जाड लॅपटॉपमध्ये शंभरावर. नाव एक, काम दुप्पटीच्या फरकाचे. म्हणून कार्डाला किती वॉट दिले आहेत, हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नये. दिसायला नाजूक यंत्र महाग आणि जाडजूड यंत्र स्वस्त असेल, तर कामाच्या माणसाने जाडजूडच घ्यावे.

तिसरी गोष्ट पडद्याची, आणि छपाईवाल्याला हीच सर्वांत महत्त्वाची. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेले असेल तर तो पडदा रंगांना फिका आहे. त्यावर पास केलेला गुलाबी कापडावर भलताच उतरतो, पार्टी माल नाकारते आणि लॅपटॉपवर वाचवलेले पैसे एका लॉटमध्ये जातात. निदान '१०० टक्के एसआरजीबी' असा पडदा घ्यावा. एवढे करूनही पडद्यावर भरवसा ठेवून मोठा लॉट छापू नये. कापडाचा तुकडा छापून पार्टीची सही घेण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत पक्की आहे.

चौथी गोष्ट मेमरीची. काही यंत्रांत मेमरी पाटीवरच कायमची जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. मोकळी खाच असलेले यंत्र घेतले तर आज ३२ जीबीवर भागवून पुढे ६४ करता येते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जोरात चढले. अशा वेळी गरजेपुरती घेऊन वाढवण्याची सोय राखणे शहाणपणाचे. सुताच्या तेजीत कोणी वर्षाचा साठा करत नाही, तसेच हे.

तूस, वीज आणि दुरुस्ती

शहरातल्या एसी ऑफिसात बसून लिहिलेल्या माहितीपत्रकात एक गोष्ट कधीच सापडत नाही, ती म्हणजे मागाच्या खात्यात उडणारे तूस. या यंत्रांचे पंखे जोराने हवा ओढतात आणि हवेबरोबर रुईचे तंतूही. काही महिन्यांत जाळीवर गादी साचते, यंत्र तापते आणि तापले की स्वतःची चाल आपोआप कमी करते. मालक म्हणतो, दोन लाख घालूनही धीमेच. दोष यंत्राचा नसतो, जागेचा असतो. डिझाइनचे टेबल खात्यापासून वेगळ्या, बंद खोलीत ठेवावे आणि दर तीन-चार महिन्यांनी जाणत्या माणसाकडून पंखा साफ करून घ्यावा. अर्थिंग नीट नसेल तर आधी ती करावी.

दुरुस्तीबाबत एकच प्रश्न विचारावा : कारागीर आमच्या गावापर्यंत येईल काय? वॉरंटीच्या कागदावर 'जागेवर सेवा' छापलेले असते. पण मालेगाव किंवा इचलकरंजीच्या पिनकोडला ती लागू आहे की नाही, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या फोनवर विचारून लेखी घ्यावे. यंत्र आठ दिवस मुंबईला पडून राहिले तर आठ दिवसांचे काम गेले.

आणि 'मोबाइल' या शब्दाचीही किंमत असते. तेवढ्याच ताकदीचा टेबलावरचा कॉम्प्युटर बराच स्वस्त पडतो, थंड राहतो आणि सुटा भाग बदलून दुरुस्त होतो. डिझाइन घेऊन सुरत, मुंबई, अहमदाबादच्या पार्टीसमोर बसून तेथल्या तेथे रंग बदलून द्यावा लागत असेल, तरच लॅपटॉपचा जादा पैसा वसूल होतो. यंत्र टेबलावरून कधी हलणारच नसेल तर हा पैसा वाया आहे.

जुने यंत्र घ्यावे काय?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस येथे मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली वर्कस्टेशने नव्याच्या तुलनेत फार कमी किमतीत मिळतात. माल वाईट असतोच असे नाही. पण एक तारीख लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथ संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात स्वस्त दिसतात त्याचे हे मोठे कारण आहे. ती घेऊ नयेत. आठव्या पिढीच्या पुढचे असेल तर बॅटरी, पडदा, पंख्याचा आवाज तपासावा, आपली सर्वांत जड फाइल दुकानातच उघडून अर्धा तास चालवून पाहावी आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे.

आता पैशाचा हिशेब

खालील आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपले घालावेत. साधा लॅपटॉप ७०,००० आणि वर्कस्टेशन १,८०,००० रुपये, जीएसटी वेगळा. हिशेब फरकाचा करायचा : १,१०,०००. यंत्र चार वर्षे, वर्षाला ३०० दिवस चालले, तर हा फरक रोजचा सुमारे ९२ रुपये पडतो. डिझाइनरचा पगार महिना २५,००० धरला तर २६ दिवस, ८ तासांप्रमाणे त्याचा एक तास १२० रुपयांना पडतो. म्हणजे नव्या यंत्राने रोज पाऊण तास वाचला तर वर्कस्टेशन स्वतःची किंमत स्वतः फेडते. पंधरा मिनिटेच वाचणार असतील तर नुकसान आहे. आठ दिवस डिझाइनरला वही देऊन, यंत्र 'थांबा' म्हणते तेव्हा किती वेळ जातो, ते लिहायला सांगावे. वाद तेथेच मिटतो.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते. मात्र कापडावर विक्रीचा कर ५ टक्के असल्याने ते एकदम वसूल न होता हळूहळू वळते होते. आणि उलट्या कररचनेचा जो परतावा मिळतो, त्यात यंत्रसामग्रीवरचा कर धरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. कंपोझिशनवाल्याला आणि नोंदणी नसलेल्या कारागिराला क्रेडिट नाही. त्याचा फरक १,२९,८०० होतो आणि रोजचे १०८ रुपये पडतात. त्याने रोज पाऊण नव्हे, जवळजवळ एक तास वाचतो की नाही ते पाहावे. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. पण ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्या रकमेवर घसारा मागता येत नाही.

'व्याजशून्य' हप्त्याचे सत्य

दुकानात पाऊल टाकताच 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे केला जातो. व्याजापासून दूर राहू पाहणारा आमचा भाऊ हे नाव ऐकून निश्चिंत होतो. त्याने थोडे थांबावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. प्रत्यक्षात काय होते? २,१२,४०० रुपयांचे यंत्र १७,७०० च्या बारा हप्त्यांत दिले. बँकेचा दर १५ टक्के धरला तर यात कर्ज सुमारे १,९६,१०० चे आणि व्याज सुमारे १६,३०० चे असते. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे २,९०० रुपये, गिऱ्हाइकाच्याच कार्डावर लागतो. प्रक्रिया शुल्क निराळे.

म्हणजे नाव काहीही असो, व्यवहार व्याजाचाच आहे. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तरी जी सूट हप्तेवाल्याला देता येते, ती रोखीवाल्याने का मागू नये? 'हप्ता नको, व्याजाची सूट रोख भावात द्या' असे खणखणीत म्हणावे. सगळे दुकानदार ऐकणार नाहीत, पण भाव काही हजारांनी खाली येण्याची वाट तेथून निघते.

रोख जमत नसेल तर मार्ग आहेत. बिनलिलावाची भिशी आमच्या मोहल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. दोन-तीन छोट्या छपाईवाल्यांनी भागीत एक यंत्र घेऊन पाळ्या लावाव्यात. अटी मात्र लिहून ठेवाव्यात. मोठे काम दोन महिन्यांचेच असेल तर यंत्र भाड्यानेही मिळते.

दोन शब्द अमानतीचे

प्रमाणित यंत्राचा खरा फायदा असा की, अडचण आली तर सॉफ्टवेअर कंपनी मदतीला बांधील राहते. चोरीच्या प्रतीवर काम करणाऱ्याला ती मदत मिळतच नाही. म्हणजे दोन लाखांचे यंत्र आणि फुकटातले सॉफ्टवेअर ही जोडी आर्थिक दृष्टीनेही निरर्थक आहे. बजेट ठरवताना परवान्याचा खर्च आधी धरावा आणि उरलेल्यात यंत्र बसवावे.

तसेच पार्टीने दिलेली डिझाइन ही आपल्याकडे अमानत असते. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला तर यंत्राबरोबर पार्टीचा सीझनही जातो. डिस्कला कुलूप लावण्याची सोय चालू ठेवावी, रोजच्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर कारखान्यात राखावी आणि जुने यंत्र विकताना डिस्क पूर्ण पुसूनच द्यावी.

आमचे मत थोडक्यात असे. हिशेब, पंचिंग आणि जेकार्ड यांसाठी वर्कस्टेशन घेऊ नये. मोठ्या डिजिटल छपाईला आणि त्रिमिती नमुन्यांना घ्यावे, पण रोज पाऊण तास वाचतो अशी खात्री वहीत झाल्यावरच. घेतले तर मेमरी, पडदा, थंडावा आणि वॉरंटी या चारांत काटकसर करू नये. दिसणे, पातळपणा आणि नाव यांवर पैसा घालू नये. बुजुर्गांनी मुलाला नकार देण्यापूर्वी त्याच्याकडून ही वही मागावी, आणि मुलाने हट्ट धरण्यापूर्वी ती भरून पुढे ठेवावी. ज्या घरात खर्चाचा निर्णय असा समोरासमोर बसून होतो, तेथे यंत्र आले तरी बरकत राहते आणि न आले तरी मन दुखावत नाही.